काट्यापेक्षा किलोमीटर बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांतून दुचाकीविषयी जे लेख येतात, त्यांत अ‍ॅव्हरेज कसे वाढवावे यावर भरपूर लिहिलेले असते. या घटकेला टाकीत किती पेट्रोल आहे आणि त्यावर गाडी कुठवर जाईल, हे कसे ओळखायचे यावर मात्र फारसे कुणी लिहीत नाही. मीटरवर काटा आहे ना, मग झाले, असे धरून चाललेले असते. त्या काट्यावर विसंबलेल्याची गत पुष्कळदा भरवशाच्या म्हशीला टोणगा अशी होते. त्यात दोष काट्याचा कमी आणि टाकीच्या आकाराचा जास्त असतो, म्हणून सुरुवात टाकीपासून करतो.

मोटरसायकलची टाकी हा सरळ डबा नव्हे. चेसिसची मधली नळी जाण्यासाठी तिच्या पोटात खालून खोबण असते, त्यामुळे खालच्या भागात टाकीचे डावे-उजवे असे दोन कप्पे पडतात. आत एका दांडीच्या टोकाला फ्लोट, म्हणजे तरंगणारा गोळा, असतो. पेट्रोलच्या पातळीबरोबर तो वरखाली होतो, दांडीचे दुसरे टोक एका रेझिस्टन्सच्या पट्टीवर सरकते आणि त्यानुसार काटा हलतो. म्हणजे हे सगळे यंत्र उंची मोजते, लिटर मोजत नाही. टाकी पूर्ण भरायच्या आधीच फ्लोट वर टेकलेला असतो, म्हणून भरल्यानंतर बरेच किलोमीटर काटा फुल्लवरून हलत नाही. खोबणीमुळे खालच्या अर्ध्या उंचीत निम्म्याहून कमी पेट्रोल मावते, म्हणून अर्ध्याच्या खाली काटा भराभर उतरतो. ‘निम्म्यावर आला म्हणजे तेवढेच अजून जाईल’ हा हिशेब इथेच फसतो. डिजिटल मीटरचेही तेच. बारा लिटरच्या टाकीला सहा कांड्या दिसल्या म्हणजे प्रत्येक कांडी दोन लिटरची असे नाही. वरची कांडी बऱ्याचदा सर्वांत जास्त टिकते आणि शेवटच्या दोन बघता बघता जातात.

त्यातच गाडी साईड स्टँडवर असली की पेट्रोल डावीकडे जाते, चढाला मागे जाते, जोरात ब्रेक मारला की पुढे येते. म्हणून काटा वाचायचा तो गाडी सपाट जागेवर सरळ उभी असताना, चावी लावून काही सेकंद थांबून. चालत्या गाडीत पेट्रोल हिंदकळते तसा काटा नाचू नये म्हणून मीटरला मुद्दाम सुस्त केलेले असते. पेट्रोल भरताना चावी चालू ठेवली तर अनेक डिजिटल मीटर नवी पातळी दाखवायला बराच वेळ घेतात, आणि मग पंपावर माप कमी दिल्याचा संशय नाहक येतो. चावी बंद करून भरावे, नंतर चालू करावी.

नव्या गाड्यांत ‘आणखी इतके किलोमीटर जाईल’ असा आकडाही येतो. हा आकडा म्हणजे उरलेले पेट्रोल गुणिले अलीकडच्या काही किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज. यातले उरलेले पेट्रोल त्याच फ्लोटकडून कळलेले असते, आणि अलीकडचे अ‍ॅव्हरेज पुढच्या रस्त्याला लागू पडेलच असे नाही. मोकळ्या रस्त्यावरून शहरात शिरले की हा आकडा चाललेल्या अंतरापेक्षा भराभर घसरतो. पातळी अगदी खाली गेली की काही मीटर आकड्याच्या जागी नुसत्या रेघा दाखवतात. म्हणजे ज्या वेळी आकडा हवा, नेमका त्याच वेळी तो नसतो.

भरवशाचे साधन बऱ्याच मीटरवर आधीच असते: ट्रिप मीटर, म्हणजे हवा तेव्हा शून्य करता येणारा किलोमीटरचा आकडा. त्याला जोड हवी ती आपल्या गाडीच्या मोजलेल्या अ‍ॅव्हरेजची. कंपनीने सांगितलेले किंवा शेजाऱ्याने छातीठोकपणे सांगितलेले अ‍ॅव्हरेज इथे चालत नाही.

ते मोजायच्या दोन रीती आहेत. पहिली फुल्ल ते फुल्ल. गाडी मेन स्टँडवर, तो नसेल तर कुणाला तरी सरळ धरायला सांगून, एका ठरावीक खुणेपर्यंत भरायची. गळ्याच्या आत जी पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची कड असते ती खूण म्हणून बरी पडते. ट्रिप शून्य करायची, निदान अर्धी टाकी संपेपर्यंत चालवायची आणि पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरायची. 287 किलोमीटर झाले आणि 6.4 लिटर मावले तर अ‍ॅव्हरेज 44.8. आता भरण्यात 0.3 लिटरची चूक झाली, आणि एकदा सरळ उभी व एकदा साईड स्टँडवर भरली तर ती सहज होते, की हेच उत्तर 42.8 किंवा 47 येते. म्हणून एका भरण्यावर निकाल देऊ नये. तीन-चार भरण्यांचे एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर करावे. प्रत्येक वेळचे अ‍ॅव्हरेज काढून त्यांची सरासरी काढली की लहान भरण्यातली मोठी चूक उत्तरात शिरते. दर वेळचा आकडा वेगळा लिहून ठेवावा, कारण पुढे सर्वांत वाईट आकडा लागणार आहे.

दुसरी रीत रिझर्व्ह ते रिझर्व्ह. कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, असलेल्या कार्ब्युरेटरच्या (इंजिनाला पेट्रोल-हवेचे मिश्रण पुरवणाऱ्या भागाच्या) गाड्यांना ती जास्त अचूक आहे असे आमचे मत, कारण इथे पातळी डोळ्याने ठरवायची नसते, टाकीतल्या कॉकच्या नळीची उंची ती ठरवते. गाडी मेनवर (कॉकच्या नेहमीच्या जागेवर) चालताना मिसिंग करू लागली, म्हणजे झटके देऊ लागली, की कॉक रिझर्व्हला (राखीव पेट्रोलच्या जागेवर) घ्यायचा आणि त्याच क्षणी ट्रिप शून्य करायची, पंपावर पोचल्यावर नव्हे. मग नेमके तीन लिटर भरायचे, कॉक परत मेनला करायचा आणि पुन्हा रिझर्व्हला लागेपर्यंत चालवायचे. मधे 138 किलोमीटर झाले तर अ‍ॅव्हरेज 46. दोन्ही वेळा गाडी सपाट रस्त्यावर रिझर्व्हला लागली असेल तरच हा आकडा धरावा. उतारावर लागली असेल तर सोडून द्यावा.

कॉकविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याबद्दल गैरसमज फार. रिझर्व्हची वेगळी टाकी नसते. टाकीत कॉकच्या दोन तोंडांपैकी मेनची नळी काही सेंटिमीटर वर उभी असते आणि रिझर्व्हचे तोंड तळाजवळ असते. पातळी उभ्या नळीच्या खाली गेली की मेनमधून पेट्रोल येणे थांबते. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडे पेट्रोल शिल्लक असते, त्यावर इंजिन काही सेकंद चालते. झटके बसायला लागल्यावर गाडी चालू असतानाच डावा हात खाली नेऊन कॉक फिरवायला तेवढा वेळ पुरतो. ही सवय उभ्या गाडीवर, न बघता करून ठेवावी. काही कॉकवर लांब टोक म्हणजे दिशा, तर काहींवर छोटे बाणासारखे टोक म्हणजे दिशा. दुसऱ्याची गाडी घेताना हे आधी बघून घ्यावे.

कॉकच्या बाबतीत सर्वांत जास्त घात होतो तो पेट्रोल भरल्यावर कॉक रिझर्व्हवरच राहून गेल्याने. त्या दिवशी काहीच कळत नाही. गाडी छान चालते, टाकी भरलेली असते. पुढच्या वेळी संपते तेव्हा मात्र एकदम ठणठणीत संपते, झटक्यांचा इशारा मिळून हाताशी काही उरत नाही. टाकीचे झाकण लावल्याबरोबर कॉकला हात लावून बघायचा, असा क्रमच पाडून घ्यावा.

रिझर्व्हवर चालवले की गाळ इंजिनात जातो, ही समजूत अर्धीच खरी आहे. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे टाकीत शिरलेले पाणी आणि गंज तळाशीच बसतात. रिझर्व्ह महिनोन्‌महिने वापरलेच नाही तर हा मळ साठत जातो आणि नेमका अडचणीच्या वेळी कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतो. तेव्हा अधूनमधून मुद्दाम रिझर्व्हवर काही किलोमीटर चालवणेच शहाणपणाचे, आणि कॉकखाली वाटी असेल तर ती वर्षातून एकदा खोलून साफ करावी.

रिझर्व्ह किती लिटरचे, हे छापील आकड्यावरून न धरता मोजून घेता येते. इंजिन थंड असताना, उघड्यावर, आसपास ठिणगी किंवा विडी-सिगारेट नसताना गाडी मेन स्टँडवर घ्यावी. कॉक बंद करून कार्ब्युरेटरकडची नळी काढावी आणि पेट्रोलच्या कॅनमध्ये सोडावी. कॉक मेनला करून धार थांबेपर्यंत वाहू द्यावे. मग कॅन बदलून मापाच्या भांड्यात रिझर्व्हचे पेट्रोल काढावे. जेवढे येईल तेवढे आपले खरे रिझर्व्ह. पुस्तिकेत दोन लिटर लिहिलेले असताना हातात 1.7 आले तर आश्चर्य वाटू नये. खोबणीच्या दुसऱ्या बाजूला आणि तळाला थोडे अडकून राहतेच. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या कॉकला ही रीत लागू नाही, त्यातून इंजिन बंद असताना मेनचे पेट्रोल येत नाही.

फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीला कॉक नसतो. पेट्रोल ओढणारा पंप टाकीच्या आतच बसवलेला असतो आणि शेवटचा इशारा दिव्याचा. हा दिवा चढावर किंवा वळणावर क्षणभर लागून विझला तर तो मोजू नये. सपाट रस्त्यावर लागून राहिला की ट्रिपचा आकडा टिपून घ्यावा, जवळच्या पेट्रोल पंपावर जाऊन नेहमीच्या खुणेपर्यंत भरावे आणि किती मावले ते बघावे. दिवा लागल्यापासून पंपापर्यंतच्या अंतराचे पेट्रोल त्यातून वजा करून, उरलेला आकडा टाकीच्या क्षमतेतून वजा केला की दिवा किती लिटरला लागतो ते कळते. तेवढे सगळे वापरता येईल असे मात्र नाही. तळाचे थोडे पेट्रोल पंपाला ओढता येत नाही, आणि या पंपाला गार ठेवण्याचे काम पेट्रोलच करते. वारंवार पाव-अर्ध्या लिटरवर गाडी पळवली की पंप हवा ओढतो, तापतो आणि लवकर जातो. कॉकच्या गाडीवर रिझर्व्हची चैन परवडते. इंजेक्शनच्या गाडीवर दिवा लागल्यावर रस्त्यावरचा पुढचा पेट्रोल पंप चुकवू नये.

आता बेरीज. समजा टाकी 12 लिटरची आहे. ती काठोकाठ न भरता आपण 11.5 भरतो. मोजलेले रिझर्व्ह 1.7. सर्वांत वाईट अ‍ॅव्हरेज 39. मेनवरचे 9.8 लिटर गुणिले 39 म्हणजे 382 किलोमीटर. यातून दहा टक्के वजा करून 340 हा आकडा मीटरच्या कडेला चिकटपट्टीवर लिहून टाकावा. ट्रिप 340 झाली की भरायचे, काटा काही का दाखवेना. रिझर्व्हवर कागदोपत्री 66 किलोमीटर निघतात, ते 50 च धरावे. ओळखीचा रस्ता नसेल तर हिशेब पहिल्या पंपापर्यंतचा न करता त्याच्या पुढच्या पंपापर्यंतचा करावा. पहिला बंद असू शकतो. ज्या मीटरला दोन ट्रिप आहेत त्यात ‘ए’ टाकी भरल्यापासून आणि ‘बी’ रिझर्व्ह किंवा दिवा लागल्यापासून लावली की डोक्यात आकडे ठेवावे लागत नाहीत.

थोडे थोडे भरणाऱ्यांना हे जमत नाही अशी तक्रार ऐकू येते. जमते, फक्त हिशेब शिलकीचा ठेवावा लागतो. रिझर्व्हला लागली तिथे शिल्लक शून्य धरायची आणि ट्रिप शून्य करायची. मग भरलेले प्रत्येक लिटर 39 ने गुणून जमेला धरायचे. दोन लिटर भरले म्हणजे 78, आणखी दीड भरले म्हणजे 58, एकूण 136. ट्रिप त्याच्या जवळ आली की भरायची वेळ झाली. पुढे पुन्हा रिझर्व्हला लागली की खाते आपोआप जुळते.

काठोकाठ का भरू नये? पेट्रोल तापले की फुगते, दर दहा अंशांना साधारण एक टक्का. जमिनीखालच्या टाकीतले गार पेट्रोल 12 लिटर भरले आणि गाडी उन्हात उभी राहून ते वीस अंशांनी तापले तर जवळपास पाव लिटर जादा जागा लागते. ती नसेल तर पेट्रोल झाकणातून बाहेर येते, किंवा वाफ शोषणारा कोळशाचा डबा असलेल्या गाड्यांत त्या डब्यात जाऊन तो निकामी करते.

झाकणाचा आणखी एक खेळ. पेट्रोल उतरते तशी आत हवा यायला झाकणात बारीक वाट असते. ती चिखलाने किंवा पॉलिशने बुजली की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल असूनही इंजिन उपाशी राहते. लक्षणे हुबेहूब पेट्रोल संपल्यासारखी, आणि विशेष म्हणजे टाकी भरलेली असताना जास्त लवकर, कारण वरची हवा थोडी असते. रिझर्व्हला घेऊन उपयोग होत नाही. झाकण उघडताना फुस्स आवाज झाला आणि नंतर गाडी नीट चालली, तर दोष तिथेच. अशा वेळी कार्ब्युरेटर खोलायला बसणारे काही कमी नाहीत. टाकी काढून परत बसवल्यावर हवेची नळी सीटखाली चेपली गेली तरी हेच होते.

काटाच बिघडला असेल तर तेही ओळखता येते. टाकी भरूनही काटा तळाला असेल तर फ्लोटला चीर पडून त्यात पेट्रोल शिरले असेल, दांडी वाकली असेल किंवा वायरचा जोड सुटला असेल. काटा एका ठरावीक जागीच उडत असेल तर पट्टी तिथे झिजली आहे. आधी सेन्सरचा जोड काढून साफ करून बघावा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मिटली नाही तर टाकी रिकामी करून, बॅटरीची वायर काढून सेन्सर बाहेर घ्यावा, मल्टिमीटर ओहमवर लावून दांडी हळूहळू वरखाली करावी. आकडा सलग बदलला पाहिजे. मधेच तुटला किंवा उडी मारली तर सेन्सर बदलावा. किती ओहम ते गाडीगणिक वेगळे, काहींत पातळी वाढली की आकडा वाढतो, काहींत उतरतो. परत बसवताना खालचे रबर नवे घालावे. जुने दाबलेले रबर थेंब थेंब गळते आणि खाली तापलेले इंजिन असते.

टाकीत काठी घालून बघणे ही जुनी रीत अजूनही चांगली, पण काठी आधी एकेक लिटर ओतून खुणा केलेली, कोरड्या लाकडाची आणि दर वेळी त्याच जागी सरळ उभी धरलेली हवी. गळ्यात जाळी बसवलेल्या टाक्यांत ती जातच नाही. अंधारात काडी किंवा लायटर पेटवून आत डोकावणाऱ्यांविषयी काय लिहावे! टाकीत पेट्रोल थोडे असते तेव्हाच वाफ जास्त असते.

किलोमीटरचा आकडा बरोबर आहे का, हेही एकदा तपासावे. रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांशी किंवा जीपीएसशी वीस-तीस किलोमीटर ताडून बघितले की पुरते. 100/90-17 मापाच्या टायरची त्रिज्या साधारण 306 मिलिमीटर. तो 5 मिलिमीटर झिजला तर मीटर दीड टक्का जास्त अंतर दाखवते. 400 किलोमीटरला सहाएक किलोमीटर, त्याने डोके फोडून घ्यायचे कारण नाही. टायरचे मापच बदलले असेल तर मात्र सगळे आकडे नव्याने काढावे लागतात.

अ‍ॅव्हरेज उतरते कशाने, ते बहुतेकांना माहीत असते: टायरमध्ये हवा कमी, चेन कोरडी, ब्रेक धरलेला, चोक अर्धा ओढलेला, एअर फिल्टर तुंबलेला. वेगाचा परिणाम मात्र लोक कमी धरतात. ताशी 60 वरून 80 वर गेले की हवेचा विरोध पावणेदोन पटीहून जास्त होतो. समोरून वारा असेल तर 60 लाच तो भाव. पेट्रोलमधल्या इथेनॉलमध्ये लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा वीस टक्के मिश्रणाला सहा-सात टक्के घट धरून चालावे. याहून मोठी घट अचानक दिसली, म्हणजे 45 ची गाडी एकदम 38 वर आली, तर आधी गाडीखाली बघावे. कार्ब्युरेटरची फ्लोटची सुई अडकली की जादा पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून मुकाट्याने रस्त्यावर जाते.

तरीही संपलेच, तर कॉकच्या गाडीला एक उपाय आहे. गाडी कॉकच्या बाजूला चांगली आडवी करून काही सेकंद धरावी. खोबणीपलीकडच्या कप्प्यातले पेट्रोल इकडे येते आणि एक-दोन किलोमीटर निघतात. इंजेक्शनच्या गाडीत निदान एक लिटर ओतावे, चावी चालू करून पंपाचा घुर्र आवाज थांबेपर्यंत थांबावे, बंद करून हेच दोन-तीनदा करावे आणि मगच स्टार्टर दाबावा, तोही एका वेळी पाच सेकंदांहून जास्त नाही. थेट स्टार्टरच मारत बसले की बॅटरी उतरते आणि ढकलायचे ते ढकलावे लागतेच.

आपल्या वृत्तपत्रामार्फत कंपन्यांना एक सांगणे. दिवा किती लिटरला लागतो, शेवटची कांडी लुकलुकू लागल्यावर किती उरते आणि तळाचे किती पेट्रोल पंपाला ओढता येत नाही, हे तीन आकडे काही पुस्तिकांत असतात, काहींत नसतात. ते टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छापावेत. पुस्तिका घरी कपाटात असते, झाकण दर वेळी उघडले जाते.

आपले,
दुचाकी दुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचक